काठीवाल्या बाबाची पंचमी

आई, पंचमीच्या सकाळी फाटकासमोर तू मला "बाजूला हो" म्हणालीस आणि मी झालो, तिथून माझं सगळं फिरलं. त्याआधी मी वेगळाच माणूस होणार होतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर, आरोग्यधामाच्या मागच्या खोल्यांत कायमचा राहणारा, आणि घोटावड्याच्या त्या मुलीचा नवरा. फाटक त्या एका दिवशी बंद राहिलं असतं तर हे तिन्ही झालं असतं, अशी माझी तेव्हाची पक्की समजूत. आज दहा वर्षांनी तुझ्याच खोलीत बसून हे लिहितोय. डॉक्टर वर झोपलेत. "चहाला ये, तेव्हा काय ते सांग," म्हणालेत. कागद माझ्या ड्युटीच्या पॅडचे आहेत, त्यांची मागची बाजू कोरी असते. तू हे वाचणार नाहीस ते मला कळतं. जिवंत असतीस तरी स्वतः वाचलं नसतंस. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि मध्येच म्हणाली असतीस, "आसू दे, म्होरलं सांग."

कोळवणातली ही जमीन तुझ्या माहेरची. मामानं ती डॉक्टरांना विकली, प्रवासी भरायला वडापची जीप घेतली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या एका वळणावर जीपसकट गेला. वडील तर मला नीट आठवतही नाहीत. डॉक्टरांनी इथं घर बांधलं तेव्हा राखणीला आणि स्वयंपाकाला माणूस हवं होतं, गावानं तुझं नाव सांगितलं, आणि तू बापाच्या शेतात पगारी बाई म्हणून परत आलीस. त्याचं तुला काय वाटायचं ते कधी बोलली नाहीस. एकदाच, भांडी घासता घासता, मोरीकडे बघून म्हणालीस, "हितं आमचं खळं हुतं." बस, एवढंच. फाटकाच्या आत उजव्या हाताला छातीएवढं वारूळ होतं. पंचमीला गावातल्या आणि वरच्या वाडीतल्या बायका लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन तिथं यायच्या, फेर धरायच्या, दुपारपर्यंत परत जायच्या. डॉक्टर तेव्हा पुण्यात असायचे, किल्ली तुझ्याकडे, तू उघडायचीस. त्याला कुणाची परवानगी नव्हती आणि कुणाची ना पण नव्हती.

मग डॉक्टर निवृत्त झाले. मोठे सर्जन होते, हात थरथरायला लागले म्हणून थांबले. ऑपरेशन झालेली पुण्याची माणसं महिनाभर हवापालटाला येऊन राहतील असं आरोग्यधाम काढायचं त्यांच्या मनात आलं. उन्हाळ्यात जेसीबी आला आणि वारूळ गेलं. नाग निघाला नाही, धामण निघाली नाही. निघाली ती नुसती वाळवी आणि फुटक्या बांगड्यांचे काचेचे तुकडे, कुणाकुणाच्या, केव्हाकेव्हाच्या. त्याच जागी गोल चौथरा झाला आणि वैशाखाच्या शेवटी टेम्पोतून पुतळा आला, गवतात आणि गोणपाटात गुंडाळलेला. संगमरवराच्या भुकटीचा, पांढराशुभ्र, माणसापेक्षा हातभर उंच. दाढीवाला, एक खांदा उघडा, कमरेभोवती पांघरूण घेतल्यासारखं वस्त्र, काखेत जाड काठी, आणि त्या काठीला खालपासून वरपर्यंत वेढे घालून चढलेला साप.

तू पदराला हात पुसत बाहेर आलीस तेव्हा मी गोणपाट ओढत होतो. डॉक्टर फार खुशीत होते. "मावशी, हा वैद्यांचा देव. ग्रीक लोकांचा. अस्क्लेपियस." नाव त्यांनी पुन्हा एकदा सावकाश घेतलं, तू प्रयत्नही केला नाहीस. "देऊळ कुटं ह्याचं?" तू विचारलंस. ते म्हणाले, देवळं होती, आता पडली. आजारी माणसं त्याच्या देवळात जाऊन रात्री झोपायची, आणि तिथं साप मोकळे फिरायचे, माणसांच्या अंगावरून सुद्धा, त्यांना कुणी मारायचं नाही. "चावत न्हवते?" "बिनविषारी असायचे." "आन निवद काय?" डॉक्टर हसले. "कोंबडा. माणूस बरं झालं की कोंबडा द्यायचे." तू पदर तोंडाला लावलास. "मंग लांबचा कुटला, आपलाच की." तेव्हापासून तो काठीवाला बाबा झाला. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "पण हा शोभेचा आहे हं मावशी. पूजाबिजा काही करायची नाही." तू म्हणालीस, "न्हाई. बाबाची कशाला करतीया मी पूजा." आता वाटतं, तू ते अगदी मोजून मापून बोलली होतीस, पण कदाचित नसशीलही. मला सगळ्यात अर्थ शोधायची खोड आहे.

माझं कॉलेज त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला सुटलं. तुला मी सांगितलं होतं की सरांशी भांडण झालं. झालंही होतं, पण भांडणं माझी सगळ्यांशीच व्हायची. खरी गोष्ट अशी की जूनपासून आरोग्यधामाच्या ऑफिसात एक मुलगी कामाला आली. लातूरकडची. वडील घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात फिटर, दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. ती कॉम्प्युटर शिकलेली, फोन घ्यायला आणि नोंदी ठेवायला डॉक्टरांनी ठेवली. सकाळची एसटी मला कोळवणातून पुण्याला न्यायची आणि ती जीपनं उलट्या बाजूनं कोळवणाकडे यायची. पौडला दोन्ही गाड्या समोरासमोर लागायच्या. मी खिडकीतून बघायचो, ती वेणी पुढे घेऊन जीपच्या मागच्या बाकावर बसलेली. एक दिवस मी एसटीतून उतरलो आणि तिच्या जीपमध्ये चढलो. माझं कॉलेज सोडणं ते एवढंच. जीपमध्ये तिनं सरकून जागा दिली आणि नाक्यापर्यंत एका पिशवीला धरून बसली. घरी आलो तेव्हा तू जात्याजवळ बसली होतीस. "लवकर आलास," म्हणालीस. मी म्हणालो, "सोडलं." तू दळत राहिलीस.

डॉक्टरांनी मला तात्पुरतं गाडीवर घेतलं. आरोग्यधाम सुरू झालं की कायम करतो, मागच्या खोल्या तुमच्याच समजा, म्हणाले. उद्घाटनाला त्यांनी शनिवार ठरवला कारण पुण्याच्या पाहुण्यांना शनिवार सोयीचा. त्याच दिवशी पंचमी होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. तू सांगितलंस तेव्हा ते कपाळ चोळत म्हणाले, "मावशी, नवी हिरवळ लावलीय, कालपरवा. पन्नास बायका चिखलाच्या पायांनी आत आल्या तर काय राहील? यंदा नको. फाटक बंद ठेवा." माणूस वाईट नव्हता, आई. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मी माझ्या जागी राहूनही हेच म्हणत होतो.

आदल्या संध्याकाळचं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. तुझा भावाचा उपवास. तू विळीवर बसलेली आणि तुझ्याभोवती काकड्या, गाजरं, कांदे, कोबी यांचा ढीग. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पाहुण्यांचं सगळं चिरणं तू आदल्या दिवशीच उरकत होतीस. साहेबांचं जेवण अडू नये आणि पंचमीही मोडू नये अशी तोड तू काढली होतीस. मला वाटलं, ही अशी तोड काढते म्हणजे फाटकाचंही ऐकेल.

"उद्या फाटक उघडायचं नाही," मी म्हणालो.

"व्हय. डाक्टर बोलल्यात."

"मग?"

"मंग काय. ते बोलले, मी ऐकलं."

"ऐकलं म्हणजे उघडणार नाहीस ना?"

"त्यो कांदा हिकडं सरकव."

मी कांदा सरकवला. म्हणालो, आई, माझं सगळं त्यात अडकलंय. काय सगळं, असं तू विळीवरून नजर न काढता विचारलंस. नोकरी, मी म्हणालो, खोली, आणि नोकरीशिवाय तिचे वडील मला मुलगी देतील का. तेव्हा पहिल्यांदा तू मान वर केलीस. "पोरीला इचारलंस?" "नाही अजून." "आदी पोरीला इचार. मंग फाटकाला आडकव." मला राग आला, तो यायचाच. मी आवाज चढवला. बायका पाच मिनिटं बाहेर उभ्या राहतील आणि परत जातील, त्यात काय आभाळ कोसळणार आहे, आणि वारूळ तरी कुठं राहिलंय, ते जेसीबीनं कधीच नेलं. तू म्हणालीस, "जागा नेली का?" मग विळी आडवी केलीस, गुडघ्यावर हात ठेवून उठलीस आणि चिरलेलं सगळं फ्रिजमध्ये लावत लावत, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "त्या परत जातील की. काय न्हाई म्हननार त्वांडावर. पर गावात काय म्हंतील? भावानं जमीन इकली, भनीनं वारूळ इकलं."

मी तेव्हा ते ऐकलं ते एका हट्टी बाईचं बोलणं म्हणून. तुलाही काही गमवायचं असेल, आणि ते माझ्यापेक्षा जुनं असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. डोक्यात ती जीपच्या मागच्या बाकावरची वेणी होती.

सकाळी भुरभुर होती. बायका आल्या, ताटांवर फडकी टाकून, डोक्यावर इरली नाहीतर प्लास्टिकच्या खोळी. मी फाटकाला पाठ लावून उभा. कुलूप माझ्या मागं. मी म्हणालो, हे आता डॉक्टरांचं आहे, पाहुणे येणार आहेत, यंदा आत जायचं नाही. बायकांतली एक, वाडीतली, दात पडलेली, माझ्याकडे नीट न्याहाळून म्हणाली, "आरं तू भाचा न्हवं का? आन भाचाच आडिवतुया व्हय मामाच्या शेतात?" बाकीच्या हसल्या. त्या हसल्या ते मला फार लागलं. मी आणखी काहीबाही बोललो, मोठ्यानं. मग मागं तुझी चाहूल लागली. तू आतून आली होतीस, हातात किल्ली, धुतलेलं लुगडं, ओले केस. मी वळून तुझ्यावरच ओरडलो, "ते त्यांचं घर आहे, तुझं नाही." तू म्हणालीस, "व्हय, त्यांचंच हाय." आणि मग म्हणालीस, "बाजूला हो." रागानं नाही. पाटावरून उठवताना म्हणायचीस तसं. माझं बावीस वर्षांचं शरीर तुझ्यापेक्षा दुप्पट होतं आणि ते आपोआप बाजूला झालं.

त्यानंतरचं मी भिंतीशी उभा राहून पाहिलं. बायकांनी चपला बाहेर काढल्या. नळावर एकेकीनं पाय धुतले, हिरवळीची कड धरून एकामागं एक चालत गेल्या. ज्या चिखलाच्या धास्तीनं फाटक बंद ठेवायचं होतं तो त्यांनी स्वतःच नळाखाली सोडला. मग पुतळ्यापुढं थांबल्या आणि वाद लागला.

"ह्याला फडा न्हाई."

"धामण दिसतीया."

"धामणीला कुनी पुजतं का गं?"

"वारूळ हितंच हुतं ना? आत काय काय हुतं कुनी बगितलंय? नाग बी आसंल, धामण बी आसंल."

"आन ह्यो बाबा कोन?"

तू म्हणालीस, "त्यो काठी धरून उभा हाय. ऱ्हाऊ दे उभा."

एवढ्यावर मिटलं. त्यांनी सापाला हळद लावली, कुंकू लावलं, वरून दूध सोडलं. ते वेढ्यावेढ्यानं खाली आलं, बाबाच्या पांघरुणाच्या चुण्यांत लाह्या अडकल्या. बाबाला कुणी बोट लावलं नाही. गर्दीत कुणाचा तरी हळदीचा पंजा त्याच्या गुडघ्याला टेकला, तो तेवढाच. मग पदर खोचून फेर धरला. इतक्यात जीप आली आणि ती उतरली. मला वाटलं, आता ती डॉक्टरांना फोन करणार. तिनं सँडल काढल्या, पाय धुतले आणि सरळ तुझ्याकडे आली. "मावशी, मला बी द्या हळद. काल उपास धरलाय भावाचा. इथं कुठं जावं कळंना झालतं." तू तिच्या हातात ताटच दिलंस. मग ती फेरात, तुझ्या शेजारी, तुझा हात धरून. मी ज्या दोघींसाठी, म्हणजे एकीच्या विरोधात आणि एकीसाठी, फाटक अडवून उभा होतो, त्या दोघी एका तालात गोल फिरत होत्या. मी रागानं मुठी वळल्या होत्या. त्या मुठी कुणावर हे मला तिथं उभ्या उभ्या कळेनासं झालं.

डॉक्टर पुण्याहून पाहुण्यांना घेऊन वेळेआधी आले. पाहुणे गाड्यांतून उतरले आणि खूश झाले. कॅमेरे निघाले. कुणी डॉक्टरांना म्हणालं, अरे वा, तुमच्या देवाला गावानं स्वीकारलं की. डॉक्टर हसत होते, समजावून सांगत होते, पण कान लाल झाले होते. तू कढई ठेवली नाहीस म्हणून कटलेट डॉक्टरांच्या बाईंना तळावी लागली, आणि रात्रीच्या चिरलेल्या काकडीला पाणी सुटलं होतं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्यांनी आपल्याला व्हरांड्यात बोलावलं. "मावशी, पूजेचं मला काही नाही. पण मी नाही म्हणालो होतो." "व्हय, म्हनला हुता." "मग?" तू जरा विचार केलास. "तुमी म्हनला, मी ऐकलं. पर मला न्हाई जमलं." मी मध्येच बोललो, "मी अडवलं होतं, साहेब." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो, कळलं." एवढ्यानं माझा तोल गेला. मी त्यांना बोललो, तुला बोललो, पायरीवरची बादली लाथाडली, नसलेली नोकरी मोठ्या तोऱ्यात सोडली. तू बादली सरळ केलीस. डॉक्टरांनी खोली सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं. नको त्या वेळी नको ते बोलायची माझी सवय तुला माहीत आहे. म्हणालो, मी तुमच्यासाठी कॉलेज सोडलं. ती घाबरली नाही, हसली पण नाही. "कामून? मी म्हणले होते का?" "नाही." "मग माझ्या नावावर कशाला टाकायलाव?" तिनं रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, "आईला काल संध्याकाळी तुम्ही जसं बोललाव, ते मी फाटकात जीपची वाट बघताना ऐकलं. आईला असं, तर मला उद्या काय बोलताल?" पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, तिच्याच भागातल्या कुणाशी. मी बरेच दिवस पौडला त्या वेळेच्या जीपा बघत उभा राहायचो. कधीकधी अजूनही गाडीच्या आरशात मागच्या सीटवर कुणी वेणी पुढे घेऊन बसलं की माझं लक्ष जातं.

आपण घोटावड्यात खोली घेतली. तू प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागलीस, मी टेम्पोवर. मी तुझ्याशी वर्षभर धड बोललो नाही. तू बोलायचीस, मी बोलत नसलो तरी बोलायचीस. मला हिंजवडीला कंपनीच्या गाडीवर पहिलं काम लागलं तेव्हा पौडच्या बाजारातून काळा चष्मा आणलास, त्याच्या काचेवरचा कागद पण न काढता माझ्यापुढं धरलास. "डायव्हर हायेस, डोळ्याला लाव." मी म्हणालो, ड्युटी रात्रीची आहे. तू म्हणालीस, "मंग सकाळी येताना लाव." पुढच्या पंचमीला कोळवणाहून दोन जीपा भरून बायका तुला न्यायला घोटावड्यात आल्या. त्यांनी ओढ्यापलीकडे दुसरं वारूळ बघितलं होतं. डॉक्टरांच्या फाटकात पाय ठेवायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण परत कुणी ठेवला नाही. तू जीपच्या पुढच्या सीटवर बसलीस, सगळ्यांनी बसवलं. तेव्हाही मला ते नीट दिसलं नाही, मी झोपेतून उठून दारात आलो होतो आणि चहा कोण करणार हे बघत होतो.

मग पोटातली गाठ. सरकारी दवाखान्याचा वॉर्ड. कुणीतरी डॉक्टरांना कळवलं असावं, ते स्वतः आले. कागद बघितले, तिथल्या लोकांशी बोलले, तुला खिडकीजवळची खाट मिळाली. मग स्टूल ओढून बसले आणि तू विचारलंस, "बाबा बरा हाय का?"

"बरा आहे. पिवळा आहे अजून. साप पिवळा, गुडघा पिवळा. साबण झाला, लिंबू झालं, निघत नाही."

"हळद हाय, साहेब. आंगाला चांगली."

दोघं हसलात. हसताना तुला दुखलं, तू पोट धरलंस, तरी हसलीस. ते गेल्यावर मी धुसफुसलो, इतकं गोड कशाला बोलायचं त्यांच्याशी, घरातून काढलं होतं त्यांनी. तू डोळे मिटून पडली होतीस. म्हणालीस, "त्यांनी सांगितलं, मी केलं न्हाई, त्यांनी काडलं. त्यात भांडान कुटं हाय?" मी त्यावर बरंच बोललो असेन. तुला झोप लागली होती. त्याच आठवड्यात तू गेलीस.

आज इकडे आलो ते डॉक्टरांनी फोन केला म्हणून. त्यांच्या बाई गेल्या, आरोग्यधाम कधीच बंद पडलं. आता हिंजवडीची कंपनीवाली माणसं शनिवार-रविवार येऊन राहतात. राखायला माणूस नाही. "तुझ्या आईची खोली आहे, रंग देऊन ठेवलीय," म्हणाले. मला गरज आहे, आई. आम्ही चार ड्रायव्हर एका खोलीत राहतो, एक उठला की दुसरा त्याच गादीवर. पाठ गेलीय. आत आलो तर ऑफिसच्या भिंतीवर तुझा फोटो. मोठा, काचेत. त्या दिवशीच्या कुणा पाहुण्यानं काढलेला. तुझा हात सापावर, मागं बाबा, आणि तू तोंड उघडून हसतेस, दात दिसतायत. हसताना पदर तोंडाला न लावलेली तू मला कधी दिसली नव्हतीस. डॉक्टर काठी टेकत शेजारी आले, म्हणाले, "लोक विचारतात, कोण या? मी सांगतो, आमच्या मावशी." दहा वर्षांपूर्वी मी ती काच फोडली असती. आज मी फक्त म्हणालो, चांगला आलाय.

मग त्यांनी काम सांगितलं. बाग, पंप, पाहुण्यांची सोय, आणि एक गोष्ट. पंचमीला पाहुण्यांचं खास बुकिंग ठेवायचं त्यांच्या मनात आहे, फोटो बघून लोक तेच मागतात. "फाटक आता सताड उघडं असतं रे. पण बायका येतच नाहीत. तू सांगितलंस तर येतील, आईचं नाव आहे गावात. आपण गाड्या पाठवू." मी म्हणालो, त्या ओढ्यापलीकडे जातात, साहेब. "माहीत आहे मला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात धंदा होता, पण नुसता धंदा नव्हता. एकट्या माणसाला आपल्या अंगणात कुणी यावंसं वाटतं तेही होतं. मग ते झोपायला गेले.

मला ते जमलं असतं. तुझं नाव घेऊन चार घरं फिरलो असतो तर बायका आल्या असत्या. कुरकुरत आल्या असत्या, पण आल्या असत्या, तुझ्या मुलाची भाकरी आहे म्हणून. ते होईल हे मला कळतंय, आणि म्हणूनच करायचं नाही. तू ज्या गोष्टीपायी ही खोली सोडलीस तीच देऊन मी ही खोली घ्यायची, हे बसत नाही. यात तुझा मोठेपणा वगैरे सांगत नाही. डॉक्टर सांगणार, मी करणार नाही, ते दुसरा माणूस बघणार. त्यात भांडण कुठं आहे, ते मलाही आता दिसत नाही.

एवढं शांतपणे लिहिलं खरं, पण एक गोष्ट सांगितली नाही. मी आज हो म्हणायला आलो होतो. कपड्यांची बॅग गाडीत आहे, गादीची वळकटी पण. खोलीवरच्या पोरांना सांगून आलोय की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या.

वर खोकला ऐकू येतोय, डॉक्टर उठले. जाऊन तोंडावर सांगतो, आवाज न चढवता. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, खिशात घडी करून ठेवतोय. खोलीला नव्या रंगाचा वास आहे. मी उठतो, बाहेर येतो आणि दार ओढून घेतो.